टाळ्या वाजेपर्यंत

सगळी गल्ली त्यांना चष्मेवाले म्हणायची. बायकोसुद्धा रागावली की "अहो चष्मेवाले" म्हणायची, आणि ती बऱ्याचदा रागावलेली असायची. दुकान कोपऱ्यावर होतं. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्याआड काच घासायचं मशीन आणि एक स्टूल. काउंटर, भिंतीवरचे कप्पे, काचा ठेवायचे ड्रॉवर हे सगळं दादाने केलेलं. दादा म्हणजे चष्मेवाल्यांचा थोरला भाऊ, हाडाचा सुतार. त्याने केलेला ड्रॉवर आजही एका बोटाने ढकलला की हूं की चूं न करता आत जातो.

टेनिसचं वेडही दादाचंच देणं. लहानपणी क्लबच्या कुंपणाला एक फट होती. थोरला उभा राहून बघायचा, धाकटा त्याच्या पायांमधून. पुढे दादाने उरल्यासुरल्या फळीची एक रॅकेट कापून दिली. तिला तारा कुठल्या असायला? चेंडू लागला की ठक्क व्हायचं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. मग घरात टीव्ही आला. परदेशातल्या त्या मोठ्या स्पर्धेचे सामने दोघं भाऊ दरवर्षी दादाच्या घरी मांडीला मांडी लावून बघू लागले. शेवटचा सामना संपला की दादा म्हणायचा, "एकदा तिथे जाऊन बसायचं." धाकटा म्हणायचा, "बसायचं." आणि दोघं उठून आपापल्या कामाला लागायचे.

चष्मेवाल्यांचा धंदा चांगला चालू लागला तसे ते त्या स्पर्धेच्या तिकिटांच्या सोडतीत नाव घालू लागले. नंबर कधी लागला नाही. दादाला मात्र भलताच नंबर लागला. एके सकाळी रंधा मारता मारता तो खाली बसला तो अर्धांगानेच. जीव वाचला. उजवा पाय ओढत चालायला लागला, बोलणं अडखळत का होईना यायला लागलं. एक गोष्ट मात्र मागे राहिली. त्याच्या घशातून मधूनच आवाज यायचा, घर्र करून. खोकला म्हणावा तर खोकला नव्हे, घोरणं म्हणावं तर माणूस टक्क जागा. ते त्याच्या हातात नव्हतं.

चष्मेवाल्यांचं भावावर प्रेम होतं, यात शंका नाही. पण माणसाचं प्रेम घरात एक असतं आणि चारचौघांत दुसरं, हे काही मी आज शोधून काढलेलं नाही.

झटक्यानंतर दादा दुपारचा दुकानात येऊन पडद्याआड स्टुलावर बसायचा. तेवढंच त्याला बरं वाटायचं. एकदा तो तिथे बसलेला असताना डोळ्यांचे डॉक्टर आले. चष्मेवाल्यांची निम्मी गिऱ्हाइकं या डॉक्टरांच्या दवाखान्यातून यायची. शिवाय डॉक्टर टेनिसचे शौकीन, इस्त्रीची घडी न मोडणारे आणि बोलायला गोड. अशा माणसाने आपल्या काउंटरला टेकून गप्पा माराव्यात याचं चष्मेवाल्यांना कोण अप्रूप! गप्पा रंगात आल्या आणि पडद्यामागून घर्र झालं.

"हा आवाज कसला हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"मागच्या गल्लीत पाण्याचा पंप आहे," चष्मेवाले म्हणाले. "जुना झालाय."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते असं. शब्द तोंडातून गेला आणि त्यांच्या कानशिलांना चटका बसला. पण डॉक्टरांनी मान हलवली आणि गप्पा पुढे सरकल्या. ते गेल्यावर चष्मेवाल्यांनी पडदा सारला. दादा गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या मशीनकडे बघत होता. ऐकलं की नाही, कळेना. विचारायचा धीर होईना. त्या दिवसानंतर दादा दुकानात आला नाही. "यांचे पाय दुखतात," वहिनी म्हणाली. चष्मेवाल्यांना हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष लागेना.

आणि नेमकी या वर्षी सोडत लागली. दोन तिकिटं, शेजारशेजारची.

फोनवर ती बातमी वाचताना त्यांना पहिल्यांदा आठवला दादा. लगेच पाठोपाठ डोळ्यांसमोर आलं ते मैदान. खेळाडू चेंडू आपटतोय, सर्व्हिस होणार, एवढं मोठं मैदान चिडीचूप, आणि त्या शांततेत घर्र. हजारो माना वळताहेत. उंच खुर्चीवरचा पंच आपल्याकडे बघतोय. चष्मेवाले आपल्या दुकानात, आपल्या खुर्चीवर बसल्याबसल्या घामाघूम झाले.

संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर खूश. दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर बेत शिजू लागला. व्हिसासाठी कधी जायचं, उतरायचं कुठे, तिथे पाऊस पडतो तर छत्री आत नेऊ देतात का. डॉक्टर काउंटरच्या गुळगुळीत कडेवरून हात फिरवत म्हणाले, "काम सुरेख आहे हो. कोणाचं?" चष्मेवाले म्हणाले, "होता एक सुतार." होता! जिवंत माणसाला त्यांनी एका शब्दात भूतकाळात ढकललं.

घरी बायकोने विचारलं, "दादांना काय सांगितलंत?"

"सोडत लागली नाही म्हणून."

"आणि जाताय कुठे मग?"

"फ्रेमच्या प्रदर्शनाला."

बायको म्हणाली, "दादा दिवसभर टीव्हीसमोर असतात. सामन्यात प्रेक्षक दाखवतात. तुम्ही दिसलात तर?"

चोराच्या मनात चांदणं, तसं झालं. चष्मेवाल्यांनी आरशासमोर टोपी घालून बघितली, पुढे ओढून बघितली, वर काळा चष्मा चढवला. आरशात एक भामटा उभा होता. जन्मभर लोकांना नीट दिसावं म्हणून खपलेला माणूस आपण ओळखू येऊ नये म्हणून चष्मा निवडत होता. बायको दारातून म्हणाली, "शोभतोय." तिच्या त्या एका शब्दाने त्यांनी टोपी काढून ठेवली. बेत मात्र काही मोडला नाही.

दादाने वहिनीकडून निरोप पाठवला होता की लांबचा चष्मा नवा करून दे. तो तयार होऊन पडला होता. देऊन टाकू आणि प्रदर्शनाला जातोय हे वहिनीजवळ सांगितलं होतं, तेही तोंडाने एकदा सांगून टाकू, म्हणून चष्मेवाले संध्याकाळी दादाकडे गेले.

दार उघडंच होतं. वहिनी उंबऱ्यातच उभी होती. तिने बोट ओठांवर ठेवलं. "भावजी, थांबा जरा," ती कुजबुजली. "पॉइंट चालू आहे."

आत टीव्हीवर कुठलातरी सामना चालू होता. दादा पाठ नसलेल्या स्टुलावर ताठ बसला होता. डाव्या हाताने त्याने रुमालाचा बोळा तोंडावर गच्च दाबून धरला होता. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. चेंडू इकडून तिकडे जात होता, तिकडून इकडे, काही केल्या संपेना. चष्मेवाल्यांना वाटलं, हा गुदमरेल. शेवटी चेंडू जाळ्यात गेला, टीव्हीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, दादाने रुमाल काढला आणि दाबून ठेवलेला तो आवाज एकदाचा मोकळा सोडला.

"हे काय?" चष्मेवाल्यांनी वहिनीला हळूच विचारलं.

"रोजचंच आहे. पॉइंट चालू असेपर्यंत आवाज करायचा नाही. टाळ्यांत कुणाला ऐकू येत नाही म्हणतात." वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "दुकानात यायचं बंद केलं ना, तेव्हापासून चाललंय. तुम्ही सोडत लागली नाही म्हणालात, तरी हे थांबत नाहीत. म्हणतात, कधीतरी लागेल, तयारी हवी."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते का, हे चष्मेवाल्यांना त्या उंबऱ्यात कळलं. त्याने ऐकलं होतं. पंप, जुना झालाय, सगळं ऐकलं होतं. आणि ऐकून तो भांडला नाही, रुसला नाही. आवाज दाबायला बसला.

दादाने त्यांना बघितलं. तोंडाची एक बाजू हसली. "ये. झाला... चष्मा?"

चष्मेवाल्यांनी चष्मा त्याच्या कानांवर चढवला. दांडी दोनदा चुकली. दादा टीव्हीकडे बघून म्हणाला, "लांबचं... मस्त दिसतंय." मग शेजारची खुर्ची थोपटली आणि रुमाल पुन्हा तोंडाशी नेला. चष्मेवाले बसले. पॉइंट झाला, टाळ्या झाल्या, आणि त्या टाळ्यांत ते म्हणाले, "दादा, सोडत लागलीय."

दादाने मान वळवली नाही.

"दोन तिकिटं आहेत. प्रदर्शनबिदर्शन काही नाही. मी डॉक्टरांना नेत होतो."

पुढच्या पॉइंटला खेळाडूने चेंडू हातात घेतला, तिकडचं मैदान चिडीचूप झालं. रुमाल दादाच्या मांडीवरच होता. तो त्याने उचलला नाही. ऐन सर्व्हिसच्या वेळी घर्र झालं, मोठ्यांदा, आणि दादाने होऊ दिलं. पुढच्याही पॉइंटला झालं. वहिनी आत निघून गेली.

बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, "तिथे... पंप... चालत नसेल ना."

त्याच्या आवाजात राग असता तर चष्मेवाल्यांनी आनंदाने झेलला असता. तो खरंच विचारत होता. चष्मेवाल्यांनी रुमाल उचलला. तो ओलाचिंब होता. तो मुठीत धरून त्यांनी दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन लावला, उठून बाहेर न जाता, तिथेच.

"डॉक्टर, तिकिटाचं जमणार नाही. ते दुसऱ्याचं आहे. मी तुम्हाला द्यायलाच नको होतं."

डॉक्टर काहीतरी बोलत होते. हॉटेलचं, व्हिसाचं, दवाखाना बंद ठेवणार असल्याचं. सगळं रास्त होतं. चष्मेवाले "हो, चूक माझी" एवढंच म्हणत राहिले. तेवढ्यात दादाचा आवाज झाला.

"हा कसला आवाज?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझा भाऊ आहे," चष्मेवाले म्हणाले. "थोरला. दुकानात तुम्ही ऐकला होता तोही हाच. तिथे पंप नाहीये. आणि ते काउंटर याने केलंय."

 मग डॉक्टर "बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला. उद्यापासून गिऱ्हाइकं येतील न येतील. चष्मेवाल्यांनी रुमालाची नीट घडी घातली, पण तो दादाला दिला नाही, स्वतःच्या खिशात ठेवला.

"चलशील ना, दादा?"

दादा नव्या चष्म्यातून टीव्हीकडे बघत होता. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

"पॉइंट... चालू आहे," तो म्हणाला.

चष्मेवाले गप्प बसले. चेंडू इकडून तिकडे जात राहिला.