सोलर कुकरमधलं वरण
सासरे निवृत्त झाले आणि आमच्या अकोल्याच्या घराच्या गच्चीवर सोलर कुकर आला. पत्र्याची पेटी, वर काच, झाकणाला आतून आरसा, आत चार काळे डबे. एवढं ऊन फुकट जातं याचं त्यांना एकाएकी वाईट वाटायला लागलं होतं. आरसा उन्हाकडे वळवायचं काम त्यांचं. डाळ निवडणं, डबे भरणं, ते वर चढवणं, पोळत्या बोटांनी खाली आणणं माझं. काचेखालचं रबर एका कोपऱ्यात फाटून फट पडली होती. बदला म्हणून मी दोनदा सांगितलं. त्यांनी मनावर घेतलं नाही.

मे महिन्यात त्यांनी ऑफिसातले दोन जुने मित्र जेवायला बोलावले. बाराच्या सुमारास आम्ही दोघं गच्चीवर गेलो. भात छान झाला होता. वरणाच्या डब्याचं झाकण तिरकं बसलेलं दिसलं. मी ते उचललं. पिवळ्या वरणावर पाल तरंगत होती. पोट फुगून पांढरं झालेलं, पाय फाकलेले, पाठीची कातडी सुटून डाळीला चिकटलेली.

सासऱ्यांनी आजूबाजूच्या गच्च्यांवर नजर टाकली, पळीने पाल काढून मागच्या बोळात फेकली आणि तीच पळी घालून वरण ढवळलं.

"बाबा, काय करून राहिले तुमी?"

"काई होत नाई. तीन घंटे उकयलं ते."

"मी गॅसवर दुसरं लावते."

"आन् त्याइले काय सांगू? उन्हावरचा सैपाक दाखवाले बोलावलं मी त्याइले. चूप राय."

खाली येऊन त्या वरणाला फोडणी दिली, ते वाढलंसुद्धा मीच. एका पाहुण्याने भात कालवला, घास उचलला, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"काका, खाऊ नका. वरणात पाल निघाली."

सासरे मोठ्याने हसले. "मिरची होती बे ते! सूनबाईले सगयीकडे पालीच दिसतात."

त्या पाहुण्याने घास ताटात ठेवला आणि हात धुवायला गेला. दुसऱ्याने माझ्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि दोस्तीखातर आणखी वरण मागितलं. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने वाटी भरून दिली. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या ताटाकडे गेलं. त्यांनी नुसता दहीभात घेतला होता.

पालीपेक्षा मला त्या दहीभाताची जास्त शिसारी आली. मी पातेलं उचललं, मोरीत उपडं केलं आणि पिठलं टाकायला गॅस पेटवला.

संध्याकाळी सगळं ऐकून नवरा म्हणाला, "चारचौघांत बोलाची काय गरज होती?"

"आन् पाल खाऊ घालाची होती काय?" मी म्हटलं. तो टीव्ही पाहत बसला.

वरण खाल्लेल्या त्या माणसाला काही झालं नाही. सासरे अजूनही मला ऐकवतात, "झालं काय त्याले?" डबे आता ते स्वतःच भरतात, स्वतःच वर नेतात, आणि त्यातलं एकटेच जेवतात. समोर बसून त्यांचं जेवण पाहणंही मला जमत नाही. त्यांचं ताट वाढून ठेवते आणि आत निघून जाते.