आवाज दे रे, रोशन

कुंदाबाईंच्या टोळीत शिरायचं तर आधी शेजाऱ्याचा फोन नंबर द्यावा लागे. ऑनलाइन गेममधल्या बाकीच्या टोळ्या तुमची तलवार कोणती, लेव्हल किती, असं विचारत. आमच्या बाई विचारत, "तुह्या घराबाजूले कोन राह्यते?" राक्षस मारायला आलेल्या पोराला ही पोलीस चौकशी वाटे. मलाही वाटली होती.

बाई चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहत, वय पन्नाशीपुढचं. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, त्याचा कॉम्प्युटर मागे राहिला, आणि बाईंना खेळाचा नाद लागला. गेममध्ये त्या वैद्य होत्या. आमच्या जखमा त्यांनी भरल्या नाहीत तर आम्ही मेलोच. आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीची पोरं, एकमेकांना फक्त हेडफोनमधून ओळखणारी. "जयभीम पोट्टेहो" म्हणून बाई सुरुवात करत, आणि लढाई कितीही रंगात असो, मध्येच एकेकाचं नाव घेत. त्यानं 'हो' म्हणायचं. डोक्याला नुसता ताप! गडचिरोलीचा नितीन एकदा चिडला, तर म्हणाल्या, "तेंदूपत्त्याले जंगलात जाऊन पाह्य. बाजूवालीचा आवाज आला नाई त पान तोडनं बंद. वाघ का सांगून येते?"

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही काळ्या ड्रॅगनला घेरलं. कित्येक आठवडे याचीच तयारी चालली होती. सिंदेवाहीचा रोशन ढाल घेऊन पुढे, आम्ही मागे. ड्रॅगन अर्धा संपला आणि बाईंनी नाव घेतलं, "रोशन?"

उत्तर नाही. पडद्यावरचा त्याचा ढालवाला जागचा हलेना.

"नेट गेलं असन त्याचं! मारा तुम्ही!" नितीन ओरडला.

"नेट गेलं त त्याच्या कूलरची घरघर काऊन ऐकू येऊन राह्यली? रोशन, आवाज दे रे!"

मग बाईंनी हेडफोन काढून ठेवल्याचा खटका ऐकू आला. ड्रॅगननं आम्हाला एकेक करून लोळवलं. नितीन शिव्या देत होता. तेवढ्यात रोशनच्या माइकमधून दारावरच्या थापा ऐकू आल्या. बाईंनी त्याच्या शेजाऱ्याला फोन लावला होता. "रोशन! ए रोशन!" थापा वाढल्या, मग दार फुटलं. शेजाऱ्याचा आवाज आला,

"अंग त भट्टी झालं याचं! ऊन लागलं! पानी आना, गाडी काढा!"

सकाळभर उन्हात मोटरसायकल हाकून रोशन घरी आला होता आणि घरात कोणी नसताना दार लावून तसाच खेळायला बसला होता.

दुसऱ्या दिवशी सिंदेवाहीच्या दवाखान्यात मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं. लहानखुऱ्या, खांद्यावर पिशवी, पहिल्या बसनं आलेल्या. रोशन शुद्धीवर होता. अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. रोशनची आई बाईंचा हात सोडीना.

नंतर बाई व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसल्या आणि थरथरायला लागल्या.

"बाई, वाचला ना तो," मी म्हणालो.

"माही मावशी नाई वाचली. वाघानं नेली," त्या म्हणाल्या. "तेंदूपत्त्याले गेलो होतो. तिचा आवाज बंद झाला, मले समजलं होतं. लहान होती मी. मले वाटलं, एवढ्या मोठ्या बाया हायेत, कोनी त बोलन."