ट्रान्स्फॉर्मरची चव घेणारा माणूस

लढाईच्या दिवसांत मी नगरजवळच्या भिंगारच्या वीजघरात कारकून होतो. खंडेनवमीची पूजा झाली आणि दुसऱ्याच दिवशी आमचा मोठा ट्रान्स्फॉर्मर धूर ओकून बंद पडला. अर्धी छावणी अंधारात गेली. गोऱ्या साहेबाने पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावला. त्याचं नाव विचारायची कुणाची छाती झाली नाही. डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी, तोंडात ताजी शिवी, आणि ट्रान्स्फॉर्मरभोवती फिरणं असं, की हा मुलगी बघायलाच आलाय.

त्याने तपासणीच्या मीटरचा दांडा गरागरा फिरवला. काटा शून्यावरून हलेना. "वाइंडिंग गेलं, आतल्या तारांची वेटोळी जळाली," तो म्हणाला. मग तळाच्या तोटीतून, वेटोळी ज्यात बुडालेली असतात ते थोडं तेल काढून त्याने चक्क जिभेवर ठेवलं आणि थुंकला.

"यात नारळाचं पाणी कुणी ओतलं, गाढवांनो?"

आमचा लाइनमन पुढे झाला. "म्या, साहेब. पूजा केली, मंग परसाद त्याच्या पोटात नको का जायला?"

तेवढ्यात गोरा साहेब आला आणि बिघाडाचं कारण विचारू लागला. लाइनमन ट्रान्स्फॉर्मरच्या आडोशाला सरकला.

"पाऊस," तज्ज्ञ म्हणाला. "झाकणातून पाणी आत शिरलं."

त्या साली नगरला टिपूस पडला नव्हता. पण साहेब विलायतेचा. पाऊस म्हटलं की त्याला काहीही पटायचं.

नवं वाइंडिंग बसलं. वीज सोडण्याआधी तज्ज्ञाने स्वतःच नारळ मागवला. फोडला मात्र रस्त्यापलीकडे जाऊन.