पिवळ्या कागदातला चेहरा

चेहऱ्याभोवती काळं असलं की पडद्यावर तो उजळ दिसतो आणि भोवती उजेड असला की काळवंडतो, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. लश्कर भागातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा शाळेची मॅजिक लँटर्न माझ्या गळ्यात पडली. भूगोलाच्या तासाला काचेवरची चित्रं चादरीवर पाडून दाखवायची, एवढंच काम. प्रत्येक चित्राच्या काचेवर दुसरी काच असायची आणि दोन काचांमध्ये, चित्राच्या चारी बाजूंनी, काळ्या कागदाची चौकट. हिमालयाच्या काचेतला कागद एका पावसाळ्यात कुजून गेला. मग चित्राच्या कडेने पांढराफेक उजेड सांडायला लागला आणि पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, बर्फ मैला हो गया." मी नवा काळा कागद कापून घातला. बर्फ पुन्हा पांढरं झालं. काच तीच, दिवा तोच. तेव्हापासून मी कागद जपून कापायचे.

हे सगळं सांगायचं कारण माझी धाकटी बहीण.

त्या वर्षी मध्यभारत हे राज्य संपत होतं. संस्थान गेल्याला आठ वर्षं झाली होती, त्याची सवय होते न होते तोच नवं राज्य आणि राजधानी भोपाळ. कचेऱ्यांच्या भिंतींवर याद्या लागत: कोण भोपाळला, कोण इंदूरला, कोण इथेच. सरकारी नोकरीत असलेल्या वडिलांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. ते रोज जाऊन सगळ्या याद्या वाचून येत आणि जेवताना म्हणत, "अजून एक लागायची आहे."

आई आम्ही लहान असतानाच गेली होती. घर आत्या चालवायची. माझं लग्न ठरून मोडलं होतं, त्यामुळे माझा विषय तिने संपवून टाकला होता. "ही नोकरी करेल. धाकटीला उजवू, आणि माझ्या दादाला कचेरीने घरी बसवायच्या आत उजवू. मग कोण विचारतंय?" धाकटी समोर बसून भाजी निवडत असली तरी आत्या हे बोलायची.

धाकटी एकोणीस वर्षांची, सावळी. आत्याच्या भाषेत तिचा रंग साफ नव्हता. आमच्याच छावणीच्या मोहल्ल्यात दोन गल्ल्या पलीकडे राहणारा एक मुलगा सेक्रेटरिएटमध्ये कारकून होता आणि त्याचं नाव भोपाळच्या यादीत लागलं होतं. धाकटी मला एकदाच म्हणाली, "ताई, तो मला बघून हसतो. पण त्याची आई माझ्याकडे बघतच नाही." तिला तोच हवा होता, आणि आत्याच्या हाताखालून सुटायचं होतं. दोन्ही एकाच दारातून जाणार होतं, आणि ते दार दिवाळीनंतर बंद होणार होतं.

भोपाळला निघालेल्या मराठी घरांत लग्नाचे मुलगे बरेच होते आणि प्रत्येक घरी जाऊन मुलगी बघायला कुणाला सवड नव्हती. सामान बांधायचं, गाड्या ठरवायच्या. तेव्हा आत्याने तोड काढली: सगळ्या मुलींचे फोटो काचेवर उतरवून शाळेच्या हॉलमध्ये एकदाच दाखवायचे. पसंत पडेल तिच्याच घरी जायचं. दिवाळीची सुट्टी होती, मुख्य बाईंनी हॉल दिला आणि शाळेच्या कपाटातली फोटोच्या कोऱ्या काचांची दोन खोकीही वापरायला दिली. फोटोवाल्याने त्यांवर फोटो उतरवून दिले. अकरा मुली झाल्या. नाव, वय, शिक्षण, गोत्र अशी यादी मी केली आणि काचांना नंबर दिले. धाकटी सातवी.

काचा आत्याला दाखवल्या तेव्हा ती किंचाळलीच.

"जिवंत पोरींना काळी चौकट? मेलेल्यांचे फोटो आहेत का हे?"

"आत्या, उजेड अडवायला लागतो तो कागद. काळ्यातच चेहरा खुलतो."

"खुलू दे नाही तर मिटू दे. लग्नाच्या कामात काळं चालणार नाही. हळदीच्या रंगाचा लाव."

"पिवळ्यातून उजेड येईल. सगळ्यांचे चेहरे राखेसारखे दिसतील."

"सगळ्यांचे दिसले तर काय बिघडलं? खामखा परेशान नको करूस."

मी टोपी बाजारात जाऊन पतंगाचा पिवळा कागद आणला आणि दहा काचांना चारी बाजूंनी रुंद पिवळी चौकट घातली. लावून पाहिलं. भोवती हळदीचा झगझगीत उजेड आणि मधला चेहरा निळसर, मातकट, तापातून उठल्यासारखा. दहाही मुली तशाच. सातव्या काचेला मी आत रुंद काळा कागद लावला आणि अगदी कडेला बोटाएवढी पिवळी पट्टी ठेवली. आत्याने काच हातात घेऊन पिवळं आहे एवढं बघितलं आणि परत दिली. काळा कागद धाकटीनेच कापला होता. तिची कात्री माझ्यापेक्षा सरळ चालायची. कापताना तिने विचारलं, "बाकीच्यांना का नाही लावायचा?"

मी म्हटलं, "बाकीच्यांच्या ताया लावतील."

ती हसली. त्या हसण्यात ती किती सुंदर दिसली, हे मी तेव्हा पाहिलं नाही. मी कडा मोजत होते.

दुपारी हॉलच्या खिडक्यांना ब्लँकेटं टांगली. बायका पुढे, पुरुष मागे. एकेक काच घालून मी नाव वाचत गेले. "हिचं नाक बघा." "हिला काय कावीळ झाली होती?" "ही दुसऱ्या रांगेत बसलीय, तीच का ही?" मुली आयांच्या शेजारी बसून हे ऐकत होत्या. सहावी संपली. सातवी घातली आणि हॉल गप्प झाला. अंधारात धाकटीचा चेहरा दुधासारखा उजळला होता. त्या मुलाची आई पुढच्या रांगेत होती. ती मागे वळून म्हणाली, "ही कोण? आपल्याच छावणीतली? मी कशी पाहिली नाही कधी?"

तिने धाकटीला शेकडो वेळा पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या काकू, म्हणजे मुलाची आई, त्याला घेऊन आमच्याकडे आल्या. धाकटीने पोहे आणले. काकूंनी बशी हातात घेतली नाही. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, मग आत्याकडे.

"फोटोवाल्याला काय दिलंत आक्का?"

"म्हणजे?"

"पेन्सिल फिरवलीय त्याने काचेवर. बाकी दहाजणी जशा आहेत तशा, आणि तुमच्या घरचीच तेवढी गोरी? मी भोपाळला जाऊन चार घरांत हे सांगितलं तर?"

वडील उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. आत्याचं तोंड पांढरं पडलं. मुलगा पोहे खात होता. धाकटी दारात उभी होती आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण काचा माझ्या होत्या.

मला राग आला तो धाकटीसाठी नव्हे. माझ्या कामावर शिंतोडा उडाला म्हणून आला. हे मला पुढे कळलं. तेव्हा मी म्हटलं, "काकू, उद्या दुपारी शाळेत या. काच सर्वांसमोर उघडते. पेन्सिलीचा एक ठिपका सापडला तर मी नोकरी सोडेन."

"ताई, नको," धाकटी म्हणाली.

"गप्प बस. तुझ्याच भल्याचं आहे."

रात्रभर ती माझ्याकडे पाठ करून झोपली. सकाळी मी तिला सहा पिवळ्या आणि सहा काळ्या चौकटी कापायला दिल्या. तिने कापल्या.

दुसऱ्या दुपारी हॉलमध्ये आदल्या वेळेपेक्षा जास्त माणसं होती. एका बाजूच्या खिडकीचं ब्लँकेट खाली घसरत होतं, ते तो मुलगा हाताने धरून उभा राहिला. मी सातवी काच दाखवली. मग काढली, दोन काचा बांधणारी कडेची पट्टी सोडवली, काळा कागद काढून रुंद पिवळा घातला, पुन्हा दाखवली. धाकटीचा चेहरा लोकांदेखत विझला. निळसर, मातकट. पुन्हा काळा घातला. उजळला. पुन्हा पिवळा.

"दिसलं? काच तीच. पेन्सिल कुठेच नाही. फरक फक्त कडेचा आहे."

वर्गात शिकवते तसं मी बोलत होते. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

काकू म्हणाल्या, "ते ठीक आहे. फसवलं नाहीत, मान्य. पण मग खरी कुठली?"

माझ्याकडे या प्रश्नाचं नेमकं उत्तर होतं, आणि ते मी दिलं. "दोन्ही खऱ्या नाहीत. दोन्हींच्या मधली."

"मधली कशी असते ते दाखवा की."

मी धाकटीला पडद्याजवळ बोलावलं. ती आली नाही. आत्याने तिला दंडाला धरून आणलं आणि चादरीच्या शेजारी उभं केलं. लँटर्नचा उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर पडला होता, तिने डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "डोळे उघड, नाही तर तुलना कशी होणार?" तिने उघडले. मी काळा लावला, पिवळा लावला. पन्नास-साठ माणसं आधी चादरीकडे बघत, मग तिच्याकडे, मग पुन्हा चादरीकडे.

"पिवळ्यातली खरी," काकू म्हणाल्या. मागून दोघी-तिघींनी हूं केलं. मी ब्लँकेटाकडे पाहिलं. मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता.

"हुशार आहात हो बाई," काकू माझ्याकडे वळल्या. "काळं लावून गोरं करता. मग बाकीच्या दहाजणींचं काय? त्यांना नाही का लावायचं? लावा बघू. न्याय नको?"

न्याय नको असं मला म्हणता आलं नाही. मी यादी उघडली आणि पहिल्या नंबरापासून सुरू केलं. माझा हात कागदासाठी बाजूला गेला तेव्हा धाकटीने काळी चौकट हातात दिली. ती पडद्यापासून निघून माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती, कारण जायला दुसरी जागा नव्हती. एक, दोन, तीन. चौथी घातली आणि हॉल पुन्हा गप्प झाला. चौथी धाकटीची वर्गमैत्रीण होती.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "हिला तर आपण पाहिलंच नव्हतं."

ब्लँकेट सोडून मुलगा पुढे आला.

चौथीच्या वडिलांना तिथेच बोलावून घेतलं. बोलणी हॉलच्या दारातच झाली आणि ती मंडळी भोपाळला निघण्याच्या आधी घाईघाईने लग्नही झालं. आत्या मला एवढंच म्हणाली, "काळं नको म्हणत होते मी." वडिलांचं नाव पुढच्या महिन्यात एका यादीत लागलं, जादा ठरलेल्या कर्मचाऱ्यांच्या. त्यानंतर धाकटीसाठी कुणी विचारायला आलं नाही.

हॉलमधल्या त्या दुपारनंतर, संध्याकाळी, मी काचा घरी आणल्या. धाकटी चुलीपाशी होती. तिने सातवी मागून घेतली, वरची काच सोडवली, कागद चुलीत टाकला आणि फोटोच्या काचेवर तपेल्यातलं कढत पाणी ओतलं. चेहऱ्याचा पातळ पापुद्रा सुटला, सुरकुतला, आणि मोरीत गेला. तिने काच राखेने घासली, पदराने पुसली, उजेडाकडे धरून पाहिली.

"तू मला उभं का केलंस?"

"फोटो खरा आहे हे सिद्ध करायला."

"कुणाला?"

मी खोक्यातल्या काचा नंबराप्रमाणे लावायला लागले.

"काच शाळेची आहे ना?" ती म्हणाली. "परत कर."

मी ती घेतली, बाकीच्या दहांबरोबर खोक्यात ठेवली आणि सकाळी शाळेत जमा केली. त्यानंतर धाकटीने आजतागायत फोटो काढू दिलेला नाही. मी आता वेगळी राहते. माझ्याशी ती बोलते, अगदी व्यवस्थित बोलते. दिवाळीला फराळाचा डबा पाठवते. मी घरी गेले की दिवा लागायच्या आत ती उठून दुसऱ्या खोलीत जाते.