सतरा नंबरचा शिक्का

गेरलिंडे कीनेचं तोंड फटकळ होतं, हे टुटलिंगनमध्ये कुणीही सांगेल. मी तिच्या शेजारच्या बाकावर बावीस वर्षं काढली, तेव्हा मला तर विचारूच नका. आमच्या गावात दर दुसऱ्या घरातला माणूस डॉक्टरांची हत्यारं बनवतो. पण बायकांनी पॉलिश करायचं, धुवायचं, खोक्यात भरायचं, अशी रीत. गेरलिंडे पंधराव्या वर्षी आली ती थेट कानस मागायला. तेव्हाचा मुकादम म्हणाला, "पोरी, ही कानस आहे, विणायची सुई नव्हे."

"दिसतंय मला," ती म्हणाली. "पण तुम्ही धरलीय तशी कुणी सुईसुद्धा धरत नाही."

तिला कानस मिळाली. कौतुक मात्र मिळालं नाही, आणि ते आमच्याकडे कुणालाच मिळत नाही. बोलणी बसली नाहीत, तेवढंच कौतुक पुरे, असं आम्ही दक्षिण जर्मनीतले श्वाबी लोक म्हणतो आणि तसंच जगतो. बायकोच्या स्वयंपाकाला मी जन्मात कधी छान म्हटलं नाही. बोललो नाही, यातच तिने समजून घ्यायचं.

गेरलिंडेच्या हातचं खास काम म्हणजे पाठीच्या कण्याचा पंच. पिस्तुलासारखी मूठ, वीतभर दांडी आणि टोकाला आडवा, नखापेक्षा लहान पाय. डॉक्टर तो पाय मणक्याच्या हाडाखाली सरकवतो आणि मूठ दाबतो. मग वरची पट्टी सरकत येते आणि हाडाचा कण तोडते. पायाच्या खाली लगेच मज्जारज्जू असतो. पाय जाड झाला तर रज्जू दबतो. पातळ झाला तर पाय मोडतो, आणि मोडकं पोलाद माणसाच्या पाठीत राहतं. पंच तयार झाला की बनवणाऱ्याने मुठीच्या आतल्या अंगाला आपल्या पोलादी शिक्क्याने नंबर ठोकायचा. गेरलिंडेचा सतरा, माझा तेवीस. नंबर ठोकला म्हणजे जबाबदारी आपली.

अठ्ठ्याहत्तर साली एका सर्जनने एक मिलिमीटर जाडीच्या पायाचा पंच मागितला. गेरलिंडेने पावाच्या कागदावर पेन्सिलीने आकृती काढली. पाय दांडीला मिळतो तिथे काटकोन नको, बारीकसं वळण हवं, असं तिचं म्हणणं. "काटकोनात सगळा जोर एका जागी बसतो आणि तिथूनच पोलाद फाटतं. वळण दिलं की जोर पसरतो."

मालक हागेनमायर यांनी कागद उलटसुलट केला. "हे वळण हाताने घासावं लागेल. एका पंचाला दीड दिवस! काटकोन मशीन तासात कापून देईल. प्रदर्शन बारा दिवसांवर आलंय, बाई."

मशीनवर काटकोनी पंच कापून झाले, जुळवणी गेरलिंडेने केली. चाचणी माझ्याकडे असायची, कारण बैलाची हाडं मी आणायचो. मी पंचाने हाडाचे चाळीस चावे घेतले. पाय ना वाकला, ना मोडला.

"बघा," मालक म्हणाले, "तुमच्या वळणाचे लाड कशाला? ठोका नंबर."

गेरलिंडेने तोडलेले कण तळहातावर घेतले आणि बोटाने चुरडले. "ओटमार, हे पिठासारखं का होतंय?"

"हाड आहे. होतं कधी कधी."

"हाडं आणलीस कुठून?"

"घरून. नेहमीसारखी."

"घरून म्हणजे?"

"म्हणजे रविवारी सूप केलं. उरलेली आणली. फेकून थोडीच द्यायची?"

सगळ्या कानशी थांबल्या. त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं, देवाशप्पथ. चांगलं हाड आधी पोटासाठी, मग चाचणीसाठी. काटकसर हा आमचा दुसरा धर्म. अकरा वर्षं मी तासन् तास उकळून चिवटपणा गेलेली हाडं आणत होतो, आणि जिवंत माणसांच्या पाठीसाठी आम्ही त्यांच्यावर हत्यारं पारखत होतो.

"अकरा वर्षं आपण सूप कापतोय," गेरलिंडे म्हणाली आणि एप्रन न सोडता समोरच्या खाटकाकडे गेली. कच्चं, ओलं हाड घेऊन आली. सातव्या चाव्याला पाय मोडला. बरोब्बर काटकोनात.

मालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बैलाचं हाड आहे ते! पेशंट काय बैल असतो? उद्या प्रदर्शनाची पेटी निघणार. नंबर ठोका."

"नाही ठोकणार."

"मग कानस ठेवा आणि घरी जा."

"जाते. पण नंबर माझ्याबरोबर येणार." तिने शिक्का खिशात घातला. सत्तावीस वर्षांची नोकरी, म्हातारी आई घरात, आणि बाईला गावात दुसरा कोण बाक देणार होता? हे तिला ठाऊक होतं, मालकांनाही ठाऊक होतं.

मालक माझ्याकडे वळले. "ओटमार, तुम्ही ठोका. तेवीस तर तेवीस."

मी हातोडी उचललीसुद्धा. लाज वाटते, पण उचलली.

"ठोक की," गेरलिंडे दारातून म्हणाली. "सूप तुझ्याच घरचं."

मी हातोडी खाली ठेवली. "माफ करा मालक, माझ्याच्यानं नाही व्हायचं." आवाज उंदरासारखा निघाला, पण निघाला.

मालकांनी रागाने पेटीतला दुसरा पंच उचलला, कच्च्या हाडाला लावला आणि दात-ओठ खाऊन मूठ दाबायला लागले. पाचव्याला टक्कन आवाज झाला. मोडलेला पाय हाडातच राहिला. तो काढायला ते बोटाने टोकरत राहिले, बोटातून रक्त आलं, पण पाय काही निघेना. मग ते कुणाकडे न बघता आपल्या खोलीत गेले आणि पेटी तशीच राहिली.

प्रदर्शनात आमच्या टेबलावर पंचाच्या जागी फुलदाणी ठेवली होती म्हणे. इकडे गेरलिंडेला घरी जायला पुन्हा कुणी सांगितलं नाही, आणि ती आपल्या बाकावर वळण घासत होती. आता मी कच्ची हाडं आणायचो, आणि चाचणीनंतर न चावलेली बाजू कापून, धुऊन घरी न्यायचो. सूप झालंच पाहिजे. फक्त क्रम बदलला.

सहाव्या आठवड्यात तिच्या पंचाने कच्च्या हाडाचे दोनशे चावे घेतले. मालक आले. भिंग लावून पाय पाहिला, वळण पाहिलं, पंच खाली ठेवला आणि न बोलता निघाले. आमच्या हिशेबाने हे भरपूर झालं होतं. मी तर तिला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा, जिंकलीस म्हणून.

"मालक," गेरलिंडे म्हणाली. "ऐकू आलं नाही मला."

ते थांबले. "मी काही बोललोच नाही."

"तेच म्हणतेय. चुकलं असतं तर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असतं. सत्तावीस वर्षं मी तुमचं न बोलणं खाऊन राहिले. आज पोट भरत नाही. बोला."

कारखान्यात असं कुणी कधी मागितलं नव्हतं. मालकांचे कान लाल झाले. ते आधी खिडकीकडे बघत राहिले, मग पंचाकडे, आणि शेवटी तिच्याकडे.

"चांगला झालाय," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"तुमचा. तुमचा पंच चांगला झालाय, फ्राउ कीने."

"हं," गेरलिंडे म्हणाली. तिने खिशातून शिक्का काढला, मुठीवर ठेवला आणि एकाच घावात सतरा ठोकला.