कुंडलच्या गोठ्यातला दगड

सांगलीहून निघताना बायको म्हणाली होती, "या वयात दगडांमागं कसले फिरता?" साताऱ्याच्या डोंगरांत आठवडाभर पाय मोडून घेतल्यावर मलाही तेच वाटू लागलं. कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवतो. महायुद्ध संपून फिरायची मोकळीक मिळाली, तरी तपासण्यासारखा एक नवा दगड काही हाती लागत नव्हता.

औंधला यमाईचा डोंगर चढायचं त्राण नव्हतं. खालूनच हात जोडले. खानावळीत गरम माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) पीत होतो, तेव्हा मालक म्हणाला, "कुंडलला एका घरात लिवल्याला दगड हाय. बगून तरी या."

वाटेत मोटार बंद पडली. वहाणेचा अंगठा तुटला. स्वतःला शिव्या देतच कुंडल गाठलं.

घर उसाच्या बागायतदाराचं. त्या म्हाताऱ्यानं गोठ्याच्या दिवळीतून दगड काढला आणि माझ्या हातावर ठेवला. राखाडी, पातळ पाटीसारखा. त्यावर करवतीच्या पात्यासारख्या बारीक दातेरी रेघा. ग्रॅप्टोलाइटचे ठसे! आजवर फक्त चित्रात पाहिलेले. माझा शीण कुठल्या कुठं पळाला.

"हे अक्षर नव्हे," मी भराभर सांगत सुटलो. "हे समुद्रातले जीव. एकेका दांडीवर घरं करून कितीतरी जण एकत्र राहायचे. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्यांचा वंश संपला. आपला काळा दगड लाव्हाचा, त्यात हे मिळणारच नाहीत. ब्रह्मदेशाच्या डोंगरांत मिळतात."

ब्रह्मदेशाचं नाव ऐकताच दारातली त्याची म्हातारी पुढं आली.

म्हाताऱ्यानं मग सांगितलं. त्यांचा मुलगा सदा पलटणीत होता, ब्रह्मदेशात. तो पडला, त्या जागेवरचा म्हणून हा दगड त्याच्या सोबत्यानं आणून दिला. देह मिळाला नाही, तेव्हा हाच जीवखडा (मेलेल्याच्या जागी मानून ज्यावर दहा दिवस पाणी देतात तो दगड) धरा, असं भटजी म्हणाले. म्हातारीनं विधी होऊ दिला नव्हता.

"वड्यातला दगड उचलून आनलाय त्यानं," ती म्हणाली. "दगड खोटा, तर सांगावाबी खोटा. आवं मास्तर, नीट बगा. वड्यातला न्हाई?"

खोटं बोलता आलं असतं. म्हातारा माझ्याकडेच पाहत होता.

"नाही, माई. ओढ्यातला नाही."

तिनं फोडलेला हंबरडा मला सहन झाला नाही. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

म्हातारा सडकेपर्यंत पोचवायला आला. "बरं झालं सांगितलंसा," तो म्हणाला. "आता पोराला पानी तरी देता यील. धाव्या दिवशी दगड कृष्णेत सोडतो." दगड मागायचं ओठांवर आलं होतं. गिळलं.

सांगलीला पोचलो. पेठेत हळदीचा वास भरून राहिला होता. दहावा झाला की दगड कृष्णेच्या तळाशी जाईल. पुढं कधी तो एखाद्या अभ्यासकाला सापडेल, आणि कृष्णाकाठी एके काळी समुद्र होता असं तो मोठ्या दिमाखात छापेल. छापू दे बापड्याला. मी खोडून काढायला जाणार नाही. त्या म्हातारीसमोर एकदा खरं बोललो, तेवढं पुरे.