हा मी धुतलाय

पडद्यावर सिनेमाचं नाव उमटलं आणि मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "हा मी धुतलाय."

बदलापूरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी अकरा वाजता मी जुने सिनेमे दाखवते. फक्त चाळीसच्या दशकातले, कारण कुठेतरी रेघ मारावीच लागते. आधी एक कार्टून, मग सिनेमा, मध्ये चहा. तो आमचा पहिलाच रविवार होता. मला वाटलं, आजोबा चुकून इथे आलेत, यांना लॉन्ड्रीत जायचं असणार. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसलं.

"गप बसा हो. लोक बघतायत."

"बघू दे की. धुतलाय तर धुतलाय म्हणायचं नाही?"

हे बी विंगचे सोनावणे काका. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात कडक कॉलरचा पांढरा शर्ट. आता माझ्याबद्दल एवढंच सांगते, की अंबरनाथच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. रॅकवर आहे ते यादीत हवं आणि यादीत आहे ते रॅकवर हवं. ही सवय घरीही सुटत नाही. त्यामुळे चहाच्या वेळी मी वही घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, "काका, सिनेमा धुतला म्हणजे काय केलंत?"

"म्हणजे टबात घातला आणि धुतला. गरम पाणी, सोडा आणि हे दोन हात."

अठराव्या वर्षी काका बुवापाड्याहून सायकलने उल्हासनगरला कामाला जायचे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, चार टब आणि एक सिंधी शेठ. गावोगाव चालून घासलेली सिनेमाची रिळं तिथे भंगारात यायची. गरम पाण्यात फिल्मवरचं चित्र सुटायचं. त्या पाण्यातून चांदी काढायची आणि उरलेली पारदर्शक पट्टी बांगडीवाल्यांना आणि कॉलरीत घालायला शर्टवाल्यांना द्यायची. "आमच्या तरुणपणी लोकांच्या कॉलरी ताठ उभ्या असायच्या ना, त्या सगळ्या हिरोंच्या जिवावर," असं म्हणून काकांनी स्वतःची कॉलर चाचपली.

पण टबात घालण्याआधी काका प्रत्येक रीळ उजेडाकडे धरून हात-दोन हात बघायचे. शेठ मागून ओरडायचा, "अरे साईं, धोने को दिया है, देखने को नहीं!" काका हो म्हणायचे आणि पाठ फिरली की पुन्हा बघायचे. असे तीस-चाळीस सिनेमे त्यांनी पाहिले, सगळे मुके. त्यामुळे आमच्या हॉलमध्ये त्यांची फार करमणूक व्हायची. एका रुबाबदार नायकाने तोंड उघडलं आणि नाकातून बारीक आवाज आला, तेव्हा काका खुर्चीतून अर्धे उठले. "याचा आवाज असा आहे? मी याला साठ वर्षं भारदस्त समजत होतो!"

कार्टूनची गोष्ट निराळी. उंदीर अजून बिळात असायचा, मांजर अजून येतच असायचं, आणि काका आधीच खो खो हसत असायचे. पुढे काय होणार ते त्यांनी चित्राचित्राने पाहिलेलं होतं. पहिल्या रांगेतली मुलं वैतागायची. "आजोबा, तुम्ही थांबा ना, आमचं हसू वाया जातं." एकदा त्यांनी मला सांगितलं, "माणसांचे सिनेमे धुताना मला काही वाटलं नाही. कार्टून हातात आलं की हात थांबायचा, अख्खं बघायचो. दोन बोटांच्या पट्टीवर चार उंदीर, आणि चारही वेगळे. कुणीतरी बसून काढलेत गं ते, एकेक शेपूट."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून हातघाईची वेळ आली, की काका शांतपणे म्हणायचे, "टबात घातलं की हिरो काय नि व्हिलन काय, दोघं काचेसारखे." याने भांडण मिटायचं नाही, पण चेअरमनला पुढचं वाक्य आठवायचं नाही.

माझ्या वहीत तीन रकाने होते: दाखवले, दाखवायचे, सापडत नाहीत. काकांसाठी चौथा उघडला: धुतले. 'सापडत नाहीत' या रकान्यात पहिल्या क्रमांकावर सुमनकाकूंचा सिनेमा होता. सुमनकाकू म्हणजे काकांची बायको. सिनेमाचं नाव वेगळं होतं, पण गोष्ट गल्लीतले कंदील लावणाऱ्या बापाची आणि त्याच्या मुलीची; त्या त्याला कंदीलवाल्याचा सिनेमा म्हणायच्या, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. त्या सात वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना उल्हासनगरला नेऊन तो दाखवला होता. त्याच वर्षी वडील गेले. वडिलांबरोबर पाहिलेला तेवढा एकच सिनेमा. त्या दर रविवारी मला विचारायच्या, "सापडला का गं?" आणि काका तेवढ्यात चहाचे कप गोळा करायला उठायचे. म्हातारा कामसू आहे, असं मला वाटायचं.

मी शोधून शोधून दमले. शेवटी एका जुन्या सूचीत नाव मिळालं आणि पुढे तीन शब्द: प्रत उपलब्ध नाही.

त्याच सुमाराला मी वही तपासत होते. 'सापडत नाहीत' आणि 'धुतले' या रकान्यांत नऊ नावं सारखी होती. दोन याद्या जुळल्या की मला आनंद होतो, तसा त्या दिवशीही झाला आणि जिन्यात भेटलेल्या काकांना मी मूर्खासारखं बोलून गेले, "काका, गंमत बघा. न सापडणारे नऊ सिनेमे तुम्हीच धुतलेत!"

काका हसले नाहीत. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. काकू म्हणाल्या, गुडघा धरलाय. त्याच्या पुढच्या रविवारीही त्यांची खुर्ची रिकामी होती.

मंगळवारी संध्याकाळी ते माझ्या दारात उभे होते, हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. "नऊ नाही," ते म्हणाले. "दहा लिही."

डब्यात फिल्मचे सुटे तुकडे होते, चौदा. मी एक उचलून खिडकीकडे धरला. एक मुलगी, शिडी, वर कंदील.

"लग्नाच्या दोन वर्षं आधी धुतला," काका म्हणाले. "अख्खा बघितला, आवडला म्हणून एवढे तुकडे कापून ठेवले. लग्न झालं आणि पहिल्याच महिन्यात हिने वडिलांची ती गोष्ट सांगितली. डबा तेव्हा खाटेखालीच होता. तेव्हा तोंड उघडलं नाही. मग राहिलं ते राहिलंच."

"काका, एका सिनेमाच्या कितीतरी प्रती असतात. तुमच्या टबात आली ती एक."

"प्रत्येक टबवाला हेच म्हणाला असणार." मग ते म्हणाले, "तिच्या सिनेमापुढे 'शोध चालू' असं लिही. मी आहे तोवर."

"मी खोटी नोंद करत नाही, काका. आणि हा डबा घरात कुठे ठेवता? जुनी फिल्म भसकन पेटते."

"बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती असते ना, तिच्यापासून लांब ठेवलाय."

"म्हणजे कुठे?"

"स्वयंपाकघरात. गॅसच्या वरच्या फळीवर." मग त्यांच्याच ते लक्षात आलं. "हे काही बरोबर नाही केलं."

डबा मी ठेवून घेतला. चौदाही तुकडे पांढऱ्या उजेडावर धरून मोबाइलने फोटो काढले, मोठे केले आणि काकांना म्हटलं, "रविवारी हे दाखवायचे. सांगायचं तुम्ही."

"ती मला सोडणार नाही."

"पंचावन्न वर्षांनी आता कुठे जातील सोडून?"

रविवारी पडद्यावर शिडीवाली मुलगी आली. त्या दिवशी काकूंना मी पहिल्या रांगेत बसवलं होतं; काका मागच्या रांगेत उभे राहिले. नेहमीचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "सुमन," ते म्हणाले, "हा पण मीच धुतलाय."

काकूंनी मान वळवली नाही. पडद्याकडे बघतच विचारलं, "कधी?"

"लग्नाच्या आधी."

"आणि मी येड्यासारखी जगाला विचारत फिरतेय! घरातच चोर!" काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मग काकू म्हणाल्या, "बोला की आता. उभे कशाला राहिलात मग?"

काका चाचरत म्हणाले, "इथे ती शिडी धरून गाणं म्हणते."

"गाणं कुठलं? ओरडतेय ती. 'बाबा, खाली उतरा, वारा सुटलाय.'"

"तोंड उघडं दिसलं. मला वाटलं, गातेय."

"गाते पुढच्या गल्लीत." आणि काकूंनी ती चाल गुणगुणली.

मग तो सिनेमा सुरू झाला. काकांकडे चित्रं होती आणि काकूंकडे आवाज. चित्रांचा क्रमही चुकला होता. काकूंनी मला तीन वेळा फोटो मागेपुढे करायला लावले. "आणि तो जाडा हवालदार? त्याला ठेवला नाहीत? सगळ्यात हसवायचा तो." "त्याची कॉलर झाली," काका म्हणाले, आणि सगळ्यात आधी काकूच हसल्या. चौदा चित्रांना दीड तास लागला. चहा गार झाला.

शेवटचं चित्र लावण्याआधी काकू म्हणाल्या, "शेवट मला माहीत नाही. तेव्हा आमचे बाबा रडत होते. मी कधी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, म्हणून मी वर त्यांच्याकडेच बघत बसले. परत पडद्याकडे बघितलं तर दिवे लागलेले."

काका पुढे येऊन त्यांच्या शेजारी बसले. मी चित्र लावलं. लांबलचक गल्ली, सगळे कंदील पेटलेले, आणि शेवटच्या कंदिलाशी शिडीवर ती मुलगी, एकटी.

"बाप गेला," काका हळू म्हणाले. "पण एकही दिवा राहिला नाही लावायचा. सगळे तिने लावले."

काकू पदराने नाक पुसून म्हणाल्या, "एवढं तरी ठेवलंत."

काका गेल्या वर्षी गेले, आठवडाभराच्या तापाने. माझ्या वहीत कंदीलवाल्याचा सिनेमा 'दाखवले' या रकान्यात आहे. चेअरमन म्हणाले, चौदा फोटोंना सिनेमा कसं म्हणायचं? मी नोंद बदललेली नाही.

काकू आता काकांच्या खुर्चीत बसतात. परवाच्या रविवारी नवा सिनेमा लावला, नाव उमटलं, आणि मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "हा सुटला यांच्या हातून!"